मंत्रचळासाठी मला कुणी धाडलं नाही

मित्रांनो, मंचरला एका गॅरेजमागच्या गवतात उभी असलेली जुनी जीप म्हणजे मी. एके काळी माझ्या काचेवर 'मानसिक आरोग्य संशोधन' असा कागद होता आणि गावोगावची पोरं माझ्यामागे धावत.

१९९६ साली पुण्याच्या एका संस्थेने मला विकत घेतलं. गेणभाऊ मला चालवत. शेजारी डॉक्टर नसीम बसत. त्या मूळच्या जुन्नरच्या. उदासीनतेच्या आजाराचा अभ्यास करायला आम्ही मढपासून खोडदपर्यंत फिरलो. तो संपला, तेव्हा कानात भलतेच आवाज ऐकू येणाऱ्यांचा अभ्यास निघाला. मग पुन्हा उदासीनतेचा. मला माझ्या कामाचा मोठा अभिमान होता.

अवसरी बुद्रुकला कुशाबा नावाच्या एका गावकऱ्याने हात करून आम्हाला थांबवलं. त्याची बायको साळुबाई दिवसभर हात धुवायची. बोटांची सालं निघाली होती. लेकीला जवळ घेणंही तिने सोडलं होतं.

"हा मंत्रचळ," डॉक्टर म्हणाल्या. "पुण्याला उपचार होतील. आमच्या अभ्यासात मात्र हा आजार नाही."

"यष्टीत बसत न्हाई ओ ती. कशालाच शिवत न्हाई. तुमीच इथं काय तरी करा."

डॉक्टरांनी मंत्रचळाच्या अभ्यासासाठी संस्थेकडे मागणी केली. ती मान्य झाली नाही. पुढच्या वर्षी पुन्हा केली. पुन्हा उदासीनताच मंजूर झाली.

त्या खेपेला अवसरीत कुशाबा माझ्याआड उभा राहून बायकोला पढवत होता. "इचारलं तर म्हन, लई उदास वाटतं. मग घेतील तुला."

डॉक्टरांनी विचारलं. साळुबाईला खोटं बोलता आलं नाही. "उदास न्हाई, बाई. हाताची घाण निघंना, एवढंच."

डॉक्टरांनी हातातली वही मिटली. मग म्हणाल्या, "अभ्यास राहू दे. चला, मीच नेते पुण्याला."

गेणभाऊंनी हौदाच्या पाण्याने मला आतून-बाहेरून धुतलं. साळुबाई माझ्या दारापर्यंत आली. तिने माझी सीट पाहिली, कडी पाहिली.

"आये, बस ना गं," लेक आरती म्हणाली.

साळुबाईने पाय उचलला, आणि खाली ठेवला. पुन्हा उचलला. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मित्रांनो, मी नुसती उभी होते. आणखी स्वच्छ कशी होऊ, मला कळत नव्हतं. शेवटी ती वळली आणि हात धुवायला निघून गेली.

काही वर्षांनी संस्थेने मला विकून टाकलं. साळुबाईचं पुढे काय झालं, ते मला कुणी सांगितलं नाही.

मित्रांनो, अशा माणसाला हसू नका. आणि तुमच्यापैकी कुणी मोठेपणी संशोधक झालात, तर ज्या आजाराची चौकशी करायला अजून कुणीच आलेलं नाही, त्याच्या दारी आधी जा.