पौर्णिमाच्या दातातला खांब

दाताच्या मुळात बसून बोलतोय, त्यामुळे आवाज दबका येईल. मी काचेच्या धाग्यांचा बारका खांब. डॉक्टर लोक मला फायबर पोस्ट म्हणतात.

असंख्य धागे राळेत भिजवून, घट्ट आवळून मला घडवलं. तेव्हापासून माझ्यातून उजेड वाहतो. वर्ध्याच्या दवाखान्यात पाकिटात पडल्या पडल्या मी एकच स्वप्न बघायचो: कुणाच्या तरी मुळात उभं राहावं, वरचा उजेड तळापर्यंत न्यावा.

नालवाडीच्या पौर्णिमाचा समोरचा दात हापशीचा दांडा लागून तुटला. ती भीमगीतांच्या पार्टीत गायची. आता प्रत्येक 'स'ला शिट्टी वाजायची, म्हणून तिनं तोंडच मिटलं. दवाखान्यातल्या डॉक्टर आचल मॅडमनी मुळातली नस काढली, भोकात तेवढ्यापुरतं कच्चं सिमेंट भरलं. म्हणाल्या, पुढच्या खेपेला आत खांब चिकटवू, त्यावर दात बांधू. पण खांब हलत राहिला तर मूळही फुटेल, मग दात गेलाच.

मधेच ते कच्चं सिमेंट निघालं. पौर्णिमाचे बाबा प्रेमदासजी म्हणजे घरचे धन्वंतरी. त्यांनी लवंगेच्या तेलात कापूस बुडवून थेट भोकात कोंबला. दुखतंय का, हे विचारलंसुद्धा नाही. दवाखान्यात निघताना कापूस काढून टाकला, वर बजावलं, मॅडमला सांगायचं नाही, उगाच बोलते.

माझी वेळ आली. मॅडमनी आत धुतलं, कोरडं केलं, सिमेंट भरून मला सोडलं. सिमेंट घट्ट करणारा निळा दिवा पेटला. विहिरीत चांदणं उतरावं तसा उजेड माझ्यातून खाली गेला. पण तळाशी सिमेंट घट्टच होईना. मी त्यात पाण्यातल्या वेलीसारखा डुलत राहिलो. मॅडमनी चिमट्यानं हळूच ओढून पाहिलं, तर मी अलगद बाहेर.

त्यांनी विचारलं, दातात काही टाकलं होतं का?

"नाई जी," शेजारी उभे प्रेमदासजी म्हणाले. "आमी काऊन टाकू?"

मोठी माणसं असं बिनदिक्कत खोटं बोलतात, आणि घरी पोरांना पंचशील शिकवतात.

मॅडम पुन्हा सिमेंट कालवायला वळल्या. पौर्णिमानं त्यांचा हात धरला.

"लवंगाचं तेल टाकलं होतं, मॅडम. बाबानं. सांगू नको म्हने." 'सांगू'ला शिट्टी वाजली. तिनं वाजू दिली.

"बापाले खोटं पाडतं?"

"दात माहा आहे ना, बाबा."

मॅडमनी कपाळाला हात लावला. त्या तेलानं सिमेंट वाळत नाही, म्हणाल्या. मग मूळ आतून खरवडलं, त्याला न् मलाही स्पिरिटनं पुसलं, नव्यानं चिकटवलं. या वेळी तळापर्यंत सिमेंटचा दगड झाला. मी हललो नाही.

आता मी अंधारात असतो. माझ्यावर दात, दातावर ऊन. पौर्णिमा गायला लागली की मूळ थरथरतं आणि मी अर्धवट झोपेत त्या सुरावर तरंगतो. प्रेमदासजी समोर बसून लोकांना सांगतात, दात वाचला तो माझ्या तेलानं.

सांगा बाप्पा, खुशाल सांगा. फक्त पोरीनं तोंड उघडलं की त्यात बोट घालू नका.