दाराबाहेरचे बाकडे

मित्रांनो, मी एक जुने बाकडे आहे. पतसंस्थेच्या कर्ज समितीच्या खोलीबाहेर, दाराला लागून माझी जागा. उरल्यासुरल्या लाकडातून माझा जन्म झाला. त्यात एक पाय आखूड राहिला, म्हणून कोणी बसले की मी कुरकुरत असे.

माझे काम साधे, पण मानाचे. समितीतल्या कोणाच्या नातलगाने कर्ज मागितले, की त्या सभासदाने उठून बाहेर यायचे आणि निर्णय होईपर्यंत माझ्यावर बसायचे, असा तिथला रिवाज. भलीभली माणसे माझ्यावर शाळकरी पोरांसारखी गप्प बसत. मला त्याची भारी गंमत वाटे.

एकदा अध्यक्षबाईंच्या धाकट्या भावाचा अर्ज आला. तो सुतार. लाकूड कापायचे यंत्र घेतले नाही, तर शाळेच्या बाकांचे मोठे काम त्याच्या हातचे जाणार होते. तो माझ्यावरच वाट बघत होता; बाई बाहेर येऊन त्याच्या शेजारी बसल्या. दोघांच्या हातातला चहा निवलाही नव्हता, तोच चिटणीस हसत दारात आले.

"मंजूर! तुमचा भाऊ म्हटल्यावर विचारायचं काय?"

भावाचा चेहरा फुलला, बाईंचा पडला.

"मागच्या खेपेला त्या गवंड्याला तुम्ही घाम फोडला होतात," त्या म्हणाल्या. "आणि याला एकही प्रश्न नाही? याला आत घ्या आणि सगळं विचारा."

"ताई, तोंडाशी आलेला घास काढून घेतेस?"

"जा आत."

या वेळी दार बराच वेळ बंद राहिले. प्रश्नांतून कळले, की त्याच्या कारखान्याच्या जागेचा भाडेकरार संपत आला होता आणि पुढचे त्याने मालकाला विचारलेलेच नव्हते. आधी जागा पक्की कर, मग कर्ज, असे ठरले. भाऊ बहिणीकडे न बघता निघून गेला. बाई गार चहा हातात धरून बसून राहिल्या. मला फार वाईट वाटले.

मालकाने तर जागा विकायला काढली होती. भावाने दुसरी शोधली, तोवर शाळेचे निम्मे काम गेले. पण कर्ज मिळाले, यंत्र आले. समितीने जाऊन ते चालताना पाहिले. एकदा हप्ता चुकला, तेव्हा चिटणीस दम द्यायला नाही, अडचण विचारायला गेले. कर्ज फिटले.

पुढे बाई निवृत्त झाल्या आणि भाऊ समितीवर आला. पण आता आत गुबगुबीत खुर्च्या होत्या. "तोंड बंद ठेवतो की," म्हणत सभासद नातलगाच्या अर्जालाही आतच बसू लागले. माझ्यावर फरशी पुसायची बादली आली.

परवा बाईंच्या मुलीचा अर्ज होता. "बसा हो, घरचंच आहे," आतून आवाज आला. तरीही भाऊ बाहेर आला. त्याने बादली खाली ठेवली, रुमालाने माझी धूळ झटकली आणि माझ्या आखूड पायाखाली लाकडाची चकती सरकवली. बाई मुलीसोबत आल्या होत्या, जिन्यापाशी उभ्या होत्या.

"ताई, इथे बस," तो म्हणाला. "वेळ लागेल. सगळं विचारा म्हणून सांगून आलोय."

बाई हसल्या आणि बसल्या. मी कुरकुरले नाही.

मित्रांनो, मला रंग दिला नाहीत तरी चालेल. फक्त या दारापासून हलवू नका, आणि माझ्यावर बादली ठेवू नका.