वेगळ्या चुलीवरची पेज

…कानाला लाल दोरा बांधलेला तो पत्र्याचा मग अजून पालथाच होता. बांबूच्या फळीवर वाळत घातलेल्या चाळीस मगांपैकी हा एकच एलिफाला लांबूनही ओळखू येई; कारण तो दोरा तावोंगाच्या आईने स्वतः बांधला होता, आणि बांधताना ती इतकी ओशाळली होती, की जणू आपल्या मुलीसाठी काही जास्तीचे मागते आहे. आठ वाजून गेले होते. एरवी या वेळी अशक्त मुलांना पेज पाजायला आलेल्या आयांमुळे देवळामागच्या या छपरीत पाय ठेवायला जागा नसे. आज पातेल्यातली मका-सोयाबीनच्या पिठाची पेज एकटीच रटरटत होती आणि धूर सरळ वर जात होता… तो आज इतका एकटा का दिसतो, हा प्रश्न तिला पडला खरा. पण त्याचे उत्तर तिने मनात पुरते येऊ दिले नाही.

ओढ्यापलीकडचे म्हातारे गोंडवे काल दुपारी वारले. निरोप आणला होता न्याचिर्वाने. ती स्वयंपाकाला येई. न्याचिर्वा म्हणजे चिर्वांची लेक, इथे बायकांना माहेरच्या कुळाने हाक मारतात.

"सिस्टर, उद्या आपलं बंद हं. गावात मयत आहे."

"पेज बंद ठेवता येत नाही, न्याचिर्वा. आधी मुलांना देऊ, मग दहाला सगळ्या मिळून जाऊ."

"दहाला!" न्याचिर्वा हसली होती. "मेलेल्या माणसाला वेळ देऊन ठेवलीय का तुम्ही, दवाखान्यासारखी?"

ती गेली, आणि आज आली नाही. एलिफाने एकटीने चूल पेटवली. दक्षिणेतल्या ब्लँटायर शहरातल्या मोठ्या इस्पितळात तिने नर्स म्हणून एकतीस वर्षे काढली होती. तिथे एका खाटेवर चादर ओढून पुढच्या खाटेवरचा ताप बघावाच लागे, आणि मरण हे हातातले काम थांबवण्याचे कारण आहे असे कुणी म्हटले असते, तर त्याला वेड्यातच काढले असते. शिवाय पेज हे काम नव्हेच. पेज हे औषध. तावोंगा दीड वर्षाची, वजन सहा किलो दोनशे – महिनाभरात चढलेल्या तीनशे ग्रॅमांपैकी निम्मे परवाच्या तापाने नेलेले. सहाच्या खाली गेली, तर तिला जिल्ह्याच्या इस्पितळात न्यावे लागेल. आणि तिथे तिची आई जाणार नाही, हे आईने न बोलता कितीदा तरी सांगितले होते. म्हणून एकेक दिवस मोलाचा. युक्तिवाद निर्दोष होता. रात्री पडल्या पडल्या तिने तो दोनदा तपासला होता, पवित्र शास्त्रातला आधारही शोधून ठेवला होता. चर्चच्या मंडळींनी तिला सहा आठवड्यांपूर्वी उत्तरेला या गावी पाठवले, ते काय चूल विझवून बसायला?

फक्त एकच गोष्ट त्या युक्तिवादात बसत नव्हती, आणि ती आत्ता, धुराकडे बघताना, आपोआप वर आली. तिचा नवरा गेला त्या दिवशी शेजारच्या घरात रेडिओवर फुटबॉलचा सामना चालू होता. आवाज मोठा नव्हता. बेताचाच होता – माणसे ऐकतात तेवढा. पण अकरा वर्षे झाली, त्या घरच्या बाईशी मी अजून बोललेले नाही… आणि ओढ्यापलीकडून हा धूर दिसत असेल.

दिसत असणारच.

तावोंगाची आई म्हाताऱ्याची नातसून. ती आज येणे शक्यच नव्हते, हेही एलिफाला आत्ताच सुचावे! तिने घाईने झाकणाच्या भांड्यात पेज ओतली, लाल दोऱ्याचा मग उचलला, कोठाराला कुलूप घातले आणि किल्ली कमरेच्या कापडाच्या गाठीत घट्ट बांधली. वाटेत दिसेल त्या घरापुढची चूल झाडून, राख काढून थंड ठेवलेली होती. उखळे आडवी पडली होती. भांडे हाताला चटके देत होते, आणि ती त्या चटक्यांवर जवळजवळ खूश होती…

गोंडव्यांच्या अंगणात एकच मोठा जाळ होता. आत मृतदेहाभोवती बायका पाय पसरून बसल्या होत्या. पुरुष कबर खणायला गेलेले. दारातल्या म्हातारीने तिला वरपासून खालपर्यंत पाहिले.

"आल्या गं सिस्टरबाई. न्याहारी उरकून आल्या."

"उरकून नाही, आजी," आतून कुणीतरी म्हणाले, "बरोबर घेऊन आल्या!"

दबके हसू फिरले, आणि लगेच गाण्यात मिसळून गेले. न्याचिर्वाने तिचे कापड ओढून तिला शेजारी बसवले. "बसा आधी. ताठ उभं राहतात का मयतीत?"

तावोंगा तीन हातांवर होती, आईच्या मांडीवर, डोळे तेवढे जागे. एलिफा कुजबुजली, "हिला एवढा मगभर –"

"कुठल्या चुलीवरची?"

"आपल्याच."

"आपली आज ती." न्याचिर्वाने अंगणातल्या जाळाकडे हनुवटी केली. "आज गावात एकच चूल असते, सिस्टर. वेगळ्या चुलीवरचं आज कुणाच्या पोटात जात नाही. पोरांच्यासुद्धा."

"पण पीठ रोजचंच, पाणी रोजचंच –"

"मग पीठच आणायचं होतंत की! इथं ढवळून दिली असती मी, केवढंसं काम. सकाळपासून इथं मक्याची पातळ कांजी पाजतोय तिला, राहत नाही पोटात. तुमचं ते सोयाबीन घातलेलं पीठच राहतं."

"मी आत्ता जाऊन आणते."

"आता बसलात ना? बसलेली बाई मयत निघेपर्यंत उठत नाही." आणि जरा थांबून, "कबर खणताना खाली खडक लागलाय म्हणे. दुपार होईल."

दुपार. एलिफाने मनात तास मोजले, मग वजनाचे ग्रॅम, मग मोजणे सोडले. पीठ ओढ्यापलीकडे कोठारात होते, धावत गेले तर पाव तासावर. अंगणात जाळापाशी चार बायका मोकळ्या होत्या. त्यांना उठायला बंदी नव्हती. कोठाराची किल्ली मात्र इथे होती, तिच्या गाठीत. 'ही माझ्याशिवाय कुणाच्या हाती जाणार नाही,' असे तिने पहिल्याच दिवशी सर्वांदेखत बजावले होते. कुणी विरोध केला नव्हता. आज कुणी मागतही नव्हते. न्याचिर्वा समोर बघून गात होती.

तावोंगाला लाल दोरा दिसला. तिने हात पुढे केला, काडीसारखा; आईने तो हळूच धरून खाली घेतला आणि धरूनच ठेवला. ती एलिफाकडे बघत नव्हती. तिने रागाने बघितले असते, तर बरे झाले असते…

एक वाक्य बोलायचे होते. ही घे किल्ली, माझ्यासाठी एवढे करशील का. सोपे वाक्य. सहा आठवडे ती या लोकांना सांगत आली होती – घ्या, प्या, तोंड उघड, उद्या या. पण कुणाकडे तांब्याभर पाणी तरी मी मागितले आहे का? आठवेना. विहिरीवर स्वतः जायची. परवा त्या म्हातारीने रताळी दिली, तर पोट भरलेय म्हणून परत केली – पोट भरलेले नव्हते. त्या गोष्टीचा तिला तेव्हा केवढा अभिमान वाटला होता!

भांड्यातल्या पेजेवर आता साय धरली असेल. किल्ली तिने गाठीतून काढली होती. केव्हा, ते तिला कळले नाही. ती मुठीत गरम झाली होती. पाय अवघडले तसे तिने ते इतरांसारखे पुढे पसरले. गाणे संपले, दुसरे कुणी सुरू करण्याआधीची ती एवढीशी शांतता आली, आणि एलिफाने तोंड उघडले – लाजेने कानापर्यंत तापून, मगाला तो दोरा बांधताना तावोंगाची आई तापली असेल तशी – आणि पहिला शब्द कुठून उचलावा ते न कळून, मूठ तशीच मिटलेली ठेवून, ती न्याचिर्वाच्या तोंडाकडे बघत राहिली.