खुर्चीवरचे केशरी कण

बाबांच्या रोपवाटिकेच्या फाटकाशी सकाळपासून रांग लागली होती. बाबा जाऊन महिना झाला होता, आणि त्यांच्या रिकाम्या खुर्चीवर रोज सकाळी केशरी कण सापडत होते.

"निरोप आलाय!" दुभाषी गरजला. मेलेल्यांचं बोलणं आपल्याला कळतं असं तो सांगे, म्हणून लोकांनी त्याला हे नाव दिलं होतं. "मालक म्हणतात, मी इथेच आहे. हे कण जिभेवर ठेवा, व्याधी पळेल."

"आमच्या मेव्हण्यांचा काही निरोप?" रांगेतून एकाने विचारलं.

"त्यांची लाइन बिझी असेल," मागचा पुटपुटला.

आई हसली नाही. तिने कण जिभेवर ठेवला. हृदयाच्या गोळ्या तिने बंद केल्या होत्या. सुजलेले पाय चपलेत मावत नव्हते.

"आई, गोळी घे ना."

"ते स्वतः औषध पाठवताहेत, आणि मी दुकानातलं घेऊ? आधीच रागीट माणूस."

दुभाष्याने खुर्ची ज्या कॉफीच्या झाडाखाली ठेवायला लावली होती, ते मी वाकून पाहिलं. पानांच्या पाठीवर तांबेऱ्याची केशरी भुकटी होती. तिच्यात मधेच साफ खरवडलेली वाट, आणि वाटेच्या टोकाला नखाएवढी गोगलगाय.

ती गोगलगाय आणि तांबेऱ्याचं एक पान मी बरणीत घालून आईच्या उशाशी ठेवलं. सकाळी काचेवर तेच केशरी कण होते.

"तांबेरा म्हणजे बुरशी, आई. पडेल तिथेच राहते, पानाला आतून खाते. गोगलगाय हिंडत येते, ती भुकटी चाटते. आणि मग..."

"मग हगते," आई म्हणाली.

त्या दिवशी मी सगळ्यांदेखत खुर्ची निरोगी झाडाखाली हलवली. दुसऱ्या सकाळी ती कोरी होती.

"मालक रुसले!" दुभाषी म्हणाला.

"मालक कसले, गोगलगाय लांब राहिली," मी दिलेली बरणी हातात घेऊन रांगेतली शेजारीण म्हणाली, आणि बाजूला जाऊन थुंकली. रांग पांगली.

आई खुर्चीपाशीच उभी होती.

"म्हणजे इथे कोणीच नव्हतं."

"नाही, आई."

बाबा गेल्यापासून ती पहिल्यांदाच मोठ्याने रडली. बऱ्याच वेळाने तिने पाणी मागितलं, आणि गोळी.

ज्याचं माणूस गेलंय, त्याच्या हातावर कोणी काही ठेवलं, तर ते कुठून आलं एवढं विचारा. त्याच्या वतीने तुम्ही विचारा. त्याला तेव्हा विचारवत नाही.