दाराला लावलेली पिशवी

मित्रांनो, मी एक जुनी ग्लायडर आहे. इंजिन नसलेले, एकाच माणसाचे विमान. कॉलेजच्या दालनात मला छताला टांगले आहे. येणारेजाणारे माना वर करून माझे कौतुक करतात, तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखे होते.

फ्लाइंग क्लबच्या मुलांनी तासांना दांड्या मारून मला घडवले. आराखडा क्लबमधल्याच एका मुलीचा, चिमणीचा. अंगाने एवढीशी, म्हणून सगळे तिला चिमणी म्हणत. हलका माणूस बसला की माझे शेपूट जड होई. त्यासाठी तिने शिशाच्या छऱ्यांची पिशवी शिवली होती. हलक्या माणसाच्या वेळी ती माझ्या नाकात ठेवायची, जाड्याच्या वेळी काढायची.

त्या दिवशी आधी उडाला क्लबचा कॅप्टन. चांगला धिप्पाड गडी! त्याने पिशवी काढली. शेडचे दार वाऱ्याने आपटत होते, म्हणून ती खाली जमिनीवर दाराला लावून ठेवली. मग चिमणीची पाळी आली.

"दादा, पिशवी ठेवलीस ना?"

"ठेवली गं. बस लवकर, वारा पडेल."

त्याला खरेच तसे वाटत होते. मला मात्र ती समोर दारात दिसत होती, आणि मला बोलता येत नव्हते. दोराने ओढताच माझे नाक उसळले. ते खाली आणायला चिमणीने जीव खाऊन दांडा पुढे रेटला. आम्ही दोघी आदळलो. माझा पंख मोडला, तिचा पाय.

"घाबरली. दांडा ओढला असणार," कॅप्टन म्हणाला.

"नाही रे ओढला!" ती कळवळून सांगत होती. कोणी ऐकले नाही. क्लबने तिला पुन्हा कधीच उडू दिले नाही.

संध्याकाळी कॅप्टन शेड बंद करायला आला. दार हलेना. त्याने खाली पाहिले आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. इकडेतिकडे बघत त्याने पिशवी उचलली आणि गुपचूप माझ्या नाकात ठेवली.

ती अजून तिथेच आहे. म्हणून मी नाक किंचित खाली घालून लटकते. लोकांना ती माझी ऐट वाटते.

कॅप्टन आता इथेच शिकवतो. परवा चिमणी आली, लंगडत. तिने माझ्या झुकलेल्या नाकाकडे पाहिले.

"दादा, रिकामी असताना ही अशी झुकत नाही. मीच काढली होती ना हिची मापं."

तासाची वेळ झाली म्हणत कॅप्टन निघून गेला.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ राहू द्या. फक्त मला एकदा खाली उतरवा, माझ्या नाकातली पिशवी काढा आणि सगळ्यांच्या देखत पुन्हा त्या दाराला लावा.