वेलापीला आणायला गेले त्याची गोष्ट

शाळा मंगळवारी उघडणार होती, आणि तेंगेतिलेचा संसार तिसरीच्या वर्गात मांडलेला होता. संसार म्हणजे काय, दोन घोंगड्या, मदतीत मिळालेलं एक पातेलं, मक्याच्या पिठाची अर्धी गोणी, तीन पोरं आणि सासू. बाकीचं पाइनच्या जंगलाबरोबर गेलं. वाऱ्याच्या महिन्यात लागलेल्या आगीनं दोन दिवसांत तीन डोंगर खाल्ले. घर लाकूड कंपनीच्या जमिनीवर होतं, सासऱ्यानं बांधलेलं. कंपनीनं कळवलं की तिथं आता पुन्हा घरं नकोत. हेडमास्तर भला माणूस, महिनाभर त्यांनी ब्र काढला नाही. पण शुक्रवारी ते दारात येऊन फळ्याकडे बघतच बोलले, "बाई, तुमची अडचण कळते मला. पण पोरं बसवू कुठं?"

आगीच्या दिवशी तेंगेतिलेच्या नवऱ्यानं, वेलापीनं, सगळ्यांना ओढ्याकडे पिटाळलं आणि स्वतः गोठ्याचं दार उघडायला मागे वळला. चार गाई भाजल्या पाठींनी धावत आल्या. तो आला नाही. पोलिसांनी नंतर राख उपसली, हाडं निघालीही, पण गाईची कुठली आणि माणसाची कुठली हे सांगायला कुणी धजावेना.

"सापडला नाही म्हणजे आहे," सासू म्हणाली. माहेरच्या आडनावावरून लासिमेलाने तिचं नाव. तिनं एकदा म्हटलं की गावातली कुत्रीही भुंकायची थांबत. तिनं सुनेला काळे कपडे घालू दिले नाहीत. खरं सांगायचं तर तेंगेतिलेला ते बरंच वाटलं होतं. काळं नेसलं की दोन वर्षं काळं, आणि मग तो नाही हे रोज अंगावर घालून फिरायचं.

पण जागा हवी होती, आणि आमच्या एस्वातिनी देशात जागा प्रमुखाकडे मागावी लागते. पुरुषानं जायचं, गुडघे टेकायचे, मागायची. नवरा मेला असेल तर मुलाच्या नावानं त्याच्या नातलगानं मागायची. विधवेनं मात्र दोन वर्षं प्रमुखाच्या आवारात पाऊल टाकायचं नाही.

नदीपलीकडच्या प्रमुखाच्या हद्दीत सासूचा भाऊ राहायचा, सिमेलाने मामा. त्याच्या दोन झोपड्यांत आधीच अकरा माणसं होती, पण शब्द टाकायला तो तयार होता. शनिवारी तो वर्गात येऊन पोरांच्या बुटक्या बाकावर कसाबसा टेकला.

"उद्या पंच बसतायत," तो म्हणाला. "पण अक्का, एक काय ते ठरवून चला. वेलापी आहे की नाही? असेल तर त्यानं मागायचं. नसेल तर मी तुझ्या नातवाच्या, बंदिलेच्या नावानं मागतो. नऊ वर्षांचा असला तरी मुलगा आहे, चालतो."

"वेलापी जोहान्सबर्गला आहे," सासू म्हणाली. "खाणीत."

मामा तिच्या तोंडाकडे बघत राहिला. "कधीपासून?"

"आजपासून."

"अक्का, तिथं खोटं बोलणार तू?"

"खोटं कसलं? मेलेला पाहिलायस का तू त्याला?"

मामानं तेंगेतिलेकडे पाहिलं. तिनं मान खाली घातली. बायकोला म्हणून तात्पुरती जागा देतील, ती मनाशी म्हणाली, पुढचं पुढे बघू. ताकाला जाऊन भांडं लपवण्यातला हा प्रकार, पण अडलेल्या माणसाला तेवढी अक्कल कुठून उरणार.

रविवारी सकाळी दोघी चपला काढून, डोकं झाकून प्रमुखाच्या आवारात चटईवर गुडघे टेकून बसल्या. पंच झाडाखाली ओंडक्यांवर बसले होते, मामा त्यांच्या कडेला. प्रमुखाचा कारभारी, माझिया नावाचा काटकुळा म्हातारा, तपकिरीची डबी बोटांत फिरवत विचारत होता.

"नवरा कुठं असतो?"

"जोहान्सबर्गला, बाबा," सासूनं सुनेला तोंड उघडूच दिलं नाही. "सोन्याच्या खाणीत."

"बरा आहे ना?"

"बारीक झालाय. तिथलं जेवण त्याला मानवत नाही. लहानपणापासून मक्याच्या कण्या आणि आंबट दूध असं ताजं लागतं त्याला. तिकडे सगळं डब्यातलं."

"पोरांना डब्यातलंच आवडतं हल्ली," एक पंच म्हणाला आणि बाकीचे हसले.

"माझ्याला नाही आवडत," सासू म्हणाली. तिचा चेहरा उजळला होता. महिनाभर खाली लोंबणारे ओठ वर आले होते. "गेल्या आठवड्यात निरोप आला त्याचा. आवाज जरा बसलाय. म्हणाला, नव्या घराचं दार पूर्वेला ठेवा. म्हणाला, नाताळला येतो."

तेंगेतिलेला तो डोळ्यांसमोर दिसायला लागला, बारीक झालेला, आवाज बसलेला.

माझियानं डबी बंद केली. "मग उत्तमच झालं. नाताळला येऊ दे, आणि स्वतः मागू दे. जित्या माणसाचं घर त्याच्या पाठीमागं बांधून दिलं तर उद्या तो काठी घेऊन माझ्याच दारात येईल. तीन महिन्यांचा तर प्रश्न आहे."

तीन महिने. आणि परवा मंगळवार. तेंगेतिलेनं सासूकडे पाहिलं. म्हातारी खट्टू होईल असं तिला वाटलं होतं. पण म्हातारी खूश होती. जागा गेली याचं तिला काहीच नव्हतं. पंचांच्या साक्षीनं मुलगा नाताळपर्यंत जिवंत राहिला होता. आणखी एक प्रश्न विचारला असता तर तिनं त्याच्या अंगातल्या कोटाचा रंगही सांगितला असता.

असं सुख मोडायचं पाप कुणाच्या वाट्याला येऊ नये. तेंगेतिलेच्या आलं.

"बाबा," ती म्हणाली, "तो येणार नाही. तो आगीत गेला."

बोलली त्या क्षणी ती विधवा झाली होती, आणि विधवेला तिथं थारा नव्हता. पाठ न दाखवता, गुडघ्यांवरच मागे सरकत ती कुंपणाबाहेर गेली. सासू चटईवर तशीच बसून होती. तिचे ओठ अजून हलत होते.

मग मामा उठला आणि त्यानं बंदिलेच्या नावानं जागा मागितली. तिथल्याच एका ओढ्यापलीकडचा उतार मिळाला. "खोटं बोलल्याबद्दल एक कोंबडी दंड घ्यायला हवा," माझिया म्हणाला, "पण कोंबड्याही जळल्याच असतील तुमच्या." मग आवाज उतरवून म्हणाला, "आधी त्याला घेऊन या. धनी आल्याशिवाय कूड घालू नका. तोवर पोरं माझ्या धान्याच्या खोलीत झोपतील."

माणूस दूर मेला की त्याला फांदीवरून घरी आणतात. काटेरी झाडाची फांदी तोडायची, तो पडला त्या जागी टेकवायची, त्याला हाक मारायची आणि सोबत घेऊन यायचं. फांदी ज्याच्या हातात, त्यानं वाटेत जित्या माणसाशी अवाक्षर बोलायचं नाही, फक्त गेलेल्याशी बोलायचं, नाहीतर तो वाट चुकतो.

सोमवारी फांदी सासूनं घेतली. कुणी दिली नाही, तिनंच मामाच्या हातून काढून घेतली. कालपासून ती सुनेशी एक शब्द बोलली नव्हती. विधवेनं खरं तर घरात चटईवर बसून राहायचं, पण चटई टाकायला घर कुठं होतं? डोक्यावरून घोंगडी घेऊन तेंगेतिले मागोमाग निघाली.

गोठ्याच्या जागी सासूनं राखेवर फांदी टेकवली.

"वेलापी, ऊठ. मी आलेय. आई."

परतीच्या गाडीत मामानं चार जागांचे पैसे दिले. कंडक्टरनं फांदी पाहिली, टोपी काढली आणि खिडकीजवळची जागा मोकळी केली. तिथं फांदी ठेवून सासू तिच्यावर हात ठेवून बसली.

"हे वळण आहे, नीट बस," ती सांगत होती. "हा पूल. पाणी कमी आहे यंदा. पलीकडे गेलो की आपली जागा. उतार आहे जरा, पण ओढा जवळ आहे." तिनं फांदी जरा जवळ घेतली. "काल पंचांनी तुझं विचारलं. मी म्हटलं, जोहान्सबर्गला आहे. बरा होतास रे तू तिथं. नाताळपर्यंत तरी राहिला असतास. तिनं राहू दिलं नाही."

तेंगेतिलेनं घोंगडी तोंडावर ओढली. उत्तर द्यायची सोय नव्हती. हे तिच्याशी बोलणंच नव्हतं.

"तिच्यावर रागावू नकोस," सासू म्हणाली. "माझ्याच्यानं ते बोलवलं नसतं. मी तीन पोरं घेऊन शाळेच्या फाटकाबाहेर तुझी वाट बघत बसले असते." तिनं फांदीवरची धूळ बोटानं पुसली. "इथंच बसलीय ती, माझ्या शेजारी. कालपासून तिच्या पोटात अन्न नाही. मामाच्या पिशवीत भाजलेली कणसं आहेत. तूच सांग तिला खायला. मला आज तिच्याशी बोलता येत नाही."