दिव्याच्या अवसेआधीची मरळ

गहिनीनाथच्या गावात पाणी बघायचं म्हणजे खाली वाकावं लागे. पाथर्डीकडच्या त्या माळावर नदी होती ती नावाला. पाणी होतं ते विहिरीत आणि विहिरी खोल. दोर कुजला की बादली तळाला जायची, आणि बादली गेली की कुणीतरी धावत गहिनीनाथकडे यायचं. चार आकड्यांचा लोखंडी गळ दोराला बांधून विहिरीतली बादली काढण्यात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत नव्हता. त्याच्या मालकीचं कौतुक काय ते एवढंच.

असा हा माणूस आषाढ सरत आला तेव्हा राहात्याच्या एसटीतून उतरला आणि गोदावरीच्या काठच्या सासुरवाडीला पायी निघाला. लग्न वैशाखातलं. लग्नानंतर जेमतेम ओळख होतेय तोवर आखाड लागला, आणि पहिल्या आखाडात नव्या नवरीनं सासूचं तोंड बघायचं नाही म्हणून गोजरला माहेरी पोचवावं लागलं. आता अवस चार दिवसांवर आली होती. निघताना आईनं त्याला बजावलं होतं, "येताना तिला घिऊन ये. एकटाच आलास तर भाकरी तुझी तू थाप."

सासऱ्यांनी, रंभाजींनी, त्याचं स्वागत जोरात केलं. पाय धुवायला पाणी, चहा, पानसुपारी. गोजर चुलीच्या आडून एकदा दिसली, एकदा तिच्या बांगड्या वाजल्या. मग रंभाजींनी आढ्याकडं बोट केलं. तिथं वेळूची लांब काठी अडकवलेली होती. तिच्या टोकाला लोहाराकडून बसवून घेतलेले तीन काटे होते.

"जावईबापू, आमच्या घरची एक रीत हाय. पहिल्या आखाडाला आलेल्या जावयानं सोताच्या हातानं भाल्यावर मासा मारायचा. तो मासा रांधला, जेवणं झाली, की लेक पाठवायची."

"आन न्हाई मारला तर?" गहिनीनाथनं हसत विचारलं.

रंभाजी हसले नाहीत. "श्रावण लागला की आमच्यात भाला आढ्याला. मंग एकदम पोळा झाल्यावर या."

गहिनीनाथचं हसू पानाच्या देठासारखं ओठात अडकून राहिलं. पोळा म्हणजे अख्खा महिना.

मेहुणा छगन दारात उभा होता. दाजींची फजिती बघायला मिळणार म्हणून त्याचा चेहरा नुकत्याच घासलेल्या तांब्यासारखा चमकत होता. "दाजी, पाण्यात कवा उतरलाय का?"

"विहिरीत उतरलोय की. गाळ काढायला."

"पाणी हुतं का त्यात?"

"पाणी असल्यावर गाळ कसा काढणार?"

छगननं कपाळावर हात मारला. आतून कुणीतरी तोंडात पदर कोंबून हसलं. बांगड्यांच्या आवाजावरून ती कोण हे गहिनीनाथला कळलं.

त्या वर्षी, एकाहत्तर साली, पावसानं ओढ दिलेली होती. एरवी आखाडात तांबडी फुगून वाहणारी गोदावरी डोहाडोहांत थांबली होती आणि पाणी आरशासारखं स्वच्छ होतं. भाल्याची शिकार करायला असं पाणी लागतं, छगननं सांगितलं. गढूळ पाण्यात भाला म्हणजे अंधारात सुईत दोरा ओवणं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गहिनीनाथ धोतराचा काचा मारून मांडीभर पाण्यात उभा राहिला. पहिला धडा होता हलायचं नाही हा. तो त्याला सहज जमला. बाजरीच्या माळ्यावर पाखरं राखताना तो तासन्‌तास थांबलेला होता. दुसरा धडा होता आपली सावली माशावर पडू द्यायची नाही. तोही जमला. तिसरा धडा भाला मारायचा.

"आधी मासा न्हाई," छगन म्हणाला. त्यानं एका जून दुधी भोपळ्याला दगड बांधला आणि पाण्यात सोडला. "ह्याला मारा. हा पळत न्हाई."

गहिनीनाथनं भोपळ्यावर नजर रोखली. गोफणीनं उडतं पाखरू टिपणारा हात त्याचा. थांबलेला भोपळा काय चीज होती! त्यानं भाला मारला. काटे भोपळ्याच्या वरून पलीकडं वाळूत गेले. दुसरा मारला, तोही पलीकडं. तिसऱ्या वेळी तर त्याला भोपळाच सरकल्याचा संशय आला.

"हालतोय त्यो."

"भोपळा?" छगन पोट धरून काठावर बसला. "दाजी, पाणी माशाला उचलून वर दावतं. त्यो असतो खाली आन दिसतो वर. दिसतोय तिथं मारायचं न्हाई, त्याच्या खाली मारायचं."

"किती खाली?"

"ते काय टेपानं मोजत्यात व्हय? हाताला कळतं."

छगनच्या हाताला ते लहानपणापासून कळत होतं. गहिनीनाथच्या हाताला कळायला अवसेपर्यंतचा वेळ होता. तो खाली मारू लागला तेव्हा फार खाली मारू लागला. भाला भोपळ्याच्या अलीकडं चिखलात रुतू लागला. पाणी उथळ असेल तर थोडं खाली, खोल असेल तर जास्त खाली, मासा जवळ असेल तर एक आणि लांब असेल तर भलतंच. दुपारपर्यंत भोपळ्याला एकच काटा लागला, तोही छगन त्याला उचलायला गेला तेव्हा, आणि काट्याची धार छगनच्या अंगठ्यालाही लागली. त्यानंतर छगन पाण्याबाहेरूनच शिकवू लागला.

मासे मात्र भोपळ्यासारखे दयाळू नव्हते. खवले चमकवणाऱ्या लहान माशांचा घोळका यायचा, गहिनीनाथच्या पोटऱ्यांना हुंगायचा, भाला उचलला की फुटायचा. काठावर धुणं धुणाऱ्या बायकांना करमणूक झाली. एकीनं ओरडून विचारलं, "पाव्हणं, नदीला भोकं पाडताय व्हय?"

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तो काठावर एकटा बसला असताना गोजर पाणी भरायला आली. घागर बुडवता बुडवता, नजर घागरीवरच ठेवून ती म्हणाली, "अवो, ऐका. उद्या पहाटं मी मारते एक. तुमी नुसता भाला खांद्यावर टाकून घरी या."

"तुला येतं?"

"छगनदादाला कुणी शिकवलं वाटतंय तुमास्नी?"

गहिनीनाथ तिच्याकडं बघत राहिला. दोन महिन्यांत तिनं सलग बोललेलं हे सगळ्यांत लांब वाक्य होतं. मोह मोठा होता. उद्याचा दिवस शेवटचा. परवा अवस, आणि दिव्यांच्या पूजेच्या दिवशी या घरात कुणी भाल्याला हात लावणार नव्हतं.

"नको," तो म्हणाला. "ताटात पडल्यावर मामा म्हणणार, जावयानं मारलेला हाय. सगळी वाहवा करतील. आन मी घास कसा गिळू?"

"पोळ्यापातुर ऱ्हावं लागंल मला हितं."

"म्हाईत हाय."

"मला न्हाई ऱ्हायचं," असं म्हणून गोजरनं घागर कमरेवर घेतली आणि ती चढण चढून गेली.

ते ऐकून गहिनीनाथला रात्री झोप लागली नाही असं नाही. तो दमलेला होता, लगेच घोरू लागला. पण सकाळी उठला तो निराळ्याच उमेदीनं.

डोहाच्या खोल बाजूला काठावरचं एक जुनं उंबराचं झाड पाण्यावर झुकलेलं होतं. त्याच्या मुळ्यांच्या जाळीत एक मोठी मरळ राहते हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. मरळीला पाण्यातली हवा पुरत नाही. ठरावीक वेळानं ती वर येते, तोंड उघडून हवेचा एक घोट घेते आणि परत मुळ्यांपाशी जाऊन निवांत पडते. गहिनीनाथनं काठावरून ती बघितली. काळपट पाठ, सापासारखं डोकं. त्यानं काठावरून नेम धरला, आणि मग भाला खाली केला. इथून मारला तर पुन्हा तेच होणार होतं.

त्याला विहीर आठवली. विहिरीच्या कडेला उभं राहून तिरकं बघितलं की तळाची बादली भलतीकडंच आणि वर आल्यासारखी दिसते. नवशिके गळ तिथंच टाकतात आणि दिवसभर पाणी ढवळत बसतात. तो कधी तसं बघत नसे. रहाटाच्या लाकडावर पालथं पडून, डोकं विहिरीच्या मधोमध आणून, नाकासमोर सरळ खाली बघत असे. सरळ वरून बघितलं की पाणी बादलीला इकडं तिकडं सरकवून दाखवत नाही. खोलीचा अंदाज चुकला तरी दोर सोडत गेलं की गळ बादलीवरच जातो.

"आयला," गहिनीनाथ स्वतःशीच म्हणाला, "ही बी बादलीच की."

तो घरी गेला, गोठ्यातला दोर घेऊन आला. भाल्याच्या काठीला एक टोक बांधलं. दुसरं टोक, विहिरीवर नेहमी बांधायचा तसं, स्वतःच्या कमरेला बांधलं, म्हणजे हातातून काही निसटलं तरी जाणार नाही. ही पाथर्डीची सवय. विहिरीवर ती शहाणपणाची असते, कारण तिथं दुसऱ्या टोकाला बादली असते आणि माणूस जमिनीवर असतो. तो उंबरावर चढला आणि पाण्यावरच्या फांदीवर पालथा पडून राहिला.

छगन पलीकडच्या उथळात उभा होता. त्यानं वर बघितलं. "दाजी! मासं झाडाला लागत न्हाईत!"

"गप."

"बाबांना सांगू का, जावई वानर झालं म्हणून?"

गोजर खाली खडकावर गोधडी धूत होती. तिनं भावाला ओल्या गोधडीचं पाणी उडवलं तसा तो गप्प झाला.

गहिनीनाथ हलला नाही. मुंग्या दंडावरून गेल्या, मानेवरून गेल्या. मरळ वर आली, हवेचा घोट घेऊन बुडाली आणि बरोबर त्याच्या नाकाखाली, मुळीच्या बगलेत थांबली. त्यानं भाला हळूहळू खाली सोडला. काटे पाण्यात शिरले तरी काठी वाकलेली दिसली नाही; सरळच्या सरळ खाली गेली. विहिरीत दोर दिसायचा तशीच. त्याला एकदम घरी असल्यासारखं वाटलं.

आणि त्यानं सगळ्या अंगाचा भार देऊन भाला खाली रेटला.

काट्यांना काहीतरी लागलं, काठी थरथरली. "लागला!" तो ओरडला, आणि त्याच क्षणी फांदी मोडली. उंबराच्या फांदीवर एवढा विश्वास नदीकाठच्या कुणी टाकला नसता.

गहिनीनाथ पाण्यात गेला. वर आला तेव्हा त्याचं तोंड मरळीसारखंच उघडलं होतं. पुन्हा खाली गेला. छगन "दाजी, दाजी" करत उथळातून पळायला लागला, आणि पाण्यात पळणाऱ्या माणसाचं होतं तसं त्याचं झालं. पाय खूप हलले, अंतर कमी होईना.

गोजरनं गोधडी टाकली. पाण्यावर दोराचा मधला भाग तरंगत होता. ती कमरेएवढ्या पाण्यात शिरली, दोर पकडला, हाताला एक वेढा दिला आणि खडकाला टाच लावून ओढायला लागली. हाताखालून हात, हाताखालून हात, विहिरीतून भरली बादली काढावी तसं. आधी गहिनीनाथ आला, खोकत, डोळे मिटून. त्याला खडकावर टाकून तिनं उरलेला दोर ओढला. भाला आला, आणि भाल्यावर हातभर लांबीची मरळ.

घरी पंचायत बसली ती लगेच.

"रीत मोडली," छगन म्हणाला. "मासा दाजींनी मारला, पर काढला गोजीनं. दाजींनाबी तिनंच काढलं."

रंभाजी गंभीरपणे मिशीवरून हात फिरवत होते. "मारलेला मासा जावयानं घरी आणायचा, अशी रीत हाय. हिथं तर लेकीनं दोन्ही घरी आणलंय."

गहिनीनाथ कोरडं धोतर नेसून कोपऱ्यात बसला होता. तो म्हणाला, "मामा, खरं हाय ते. मी काय म्हणत न्हाई." पण त्याचा आवाज इतका पडला की दाराआडच्या बांगड्यासुद्धा थांबल्या.

तेव्हा सासूबाई, भामाबाई, पिठाचे हात घेऊन बाहेर आल्या. "अवो, रीत रीत काय लावलंय? तुमच्या बहिणीच्या नवऱ्यानं कोपरगावच्या बाजारातनं मासा आणून भाल्याला टोचला हुता. म्या हितं उभं ऱ्हाऊन बघितलं. मेलेला हुता त्यो कालचा. तरी नणंदबाई दुसऱ्या दिवशी सासरी गेल्या."

रंभाजींची मिशीवरची बोटं थांबली. "तू तवा बोलली न्हाईस."

"तवा मी नवी हुते. आता न्हाई." त्यांनी जावयाकडं बोट केलं. "ह्यानं मासा मारला, हिनं ह्याला काढला. आता जाऊ द्या, तिकडं एकमेकाला काढत बसतील. छगन, मरळ आण. खापरावर मसाला भाजलाय, करपंल."

रंभाजी उठले. मरळ हातात घेऊन त्यांनी काट्यांची भोकं बघितली. तिन्ही काटे पाठीच्या मधोमध लागले होते. "सरळ बसलाय भाला," ते म्हणाले. "तिरका न्हाई जराबी." जेवताना मरळीच्या मधला तुकडा त्यांनी स्वतः उचलून जावयाच्या ताटात वाढला.

अवस झाली, दिवे पुजले. श्रावणाच्या पहिल्या दिवशी गोजर आणि गहिनीनाथ राहात्याला एसटीत बसले. भाला आढ्याला गेला होता. गोजरच्या मांडीवर गाठोडं होतं आणि गाठोड्यात गोठ्यातला तो दोर.

नगरच्या अलीकडं गाडी खड्ड्यातून गेली तशी ती जागी झाली. खिडकीबाहेर माळ सुरू झाले होते. तिनं विचारलं, "तुमची विहीर लई खोल हाय, व्हय?"

"लई."

"बादली पडली तर?"

"मी काढतो की. आख्ख्या गावाच्या काढतो."

"आन तुमी पडलात तर?"

तिच्या मांडीवरच्या गाठोड्यातून दोराचं टोक बाहेर आलं होतं, ते गहिनीनाथनं हळूच परत आत सरकवलं.